कातडीत शिरणारा उजेड

संध्याकाळी बडोद्याच्या सूरसागर तलावाच्या कठड्यावर कुणी सूर्याकडे पाठ करून बसलं, की समोरून त्याच्या कानाची कड लाल दिसते. उजेड कानात शिरून, रक्ताचा रंग घेऊन दुसरीकडून बाहेर पडतो. तैलरंगाचे पातळ पारदर्शक थर एकावर एक चढवणाऱ्याला यात नवल नाही. इथल्या फाइन आर्ट्‌समधून थ्रीडीकडे, म्हणजे संगणकावर त्रिमितीय चेहरे घडवण्याकडे, वळलेल्याला तर नाहीच. संगणकाला मात्र ते जमायला बराच काळ गेला.

संगणकावर वस्तूची छटा ठरवणारं १९७५चं फाँगचं सूत्र उजेड पृष्ठभागावरूनच परतवायचं, म्हणून चेहरे प्लास्टिकचे दिसत. १९९३ साली हॅनरॅहन आणि क्रूगर यांनी त्वचेचे थर हिशेबात घेतले. खरी कोंडी फुटली ती २००१ मध्ये: जेन्सन, मार्शनर, लेव्हॉय आणि हॅनरॅहन यांनी उजेड एका बिंदूतून शिरून दुसऱ्यातून बाहेर येण्याचं सोपं सूत्र मांडलं. त्यांच्या त्वचेच्या एका नमुन्यात हे पसरण्याचं अंतर लाल उजेडासाठी ३.६७ मिमी, हिरव्यासाठी १.३७ आणि निळ्यासाठी ०.६८ होतं. सावलीची कड लालसर दिसते ती यामुळेच. २००७ मध्ये डीऑन आणि ल्यूबकी यांनी सहा गाउसियन ब्लरची (चित्र कमी-जास्त धूसर करण्याच्या पद्धतीची) बेरीज करून हे रिअल-टाइममध्ये, म्हणजे बघता बघता तयार होणाऱ्या चित्रात, आणलं. आता चित्रपटाच्या कामात उजेडाचा त्वचेच्या आतला प्रवास सरळ रँडम वॉकने, म्हणजे किरणाची वेडीवाकडी वाट पावलापावलाने काढून, मोजतात.

बिघडतं ते बहुधा मापात. हेच ३.६७ सॉफ्टवेअरने सेंटिमीटर धरलं, की चेहऱ्याची मेणबत्ती होते आणि नाकाच्या कडा विरघळतात. म्हणून रेंडरला, म्हणजे अंतिम चित्र काढायला, हात घालण्याआधी मॉडेलच्या डोक्याची उंची मोजावी; ती २२-२३ सेंटिमीटरच्या आसपास हवी.

दुसरी चूक सावळ्या रंगाची. गोऱ्या चेहऱ्याचा कलर मॅप (मॉडेलवर चढवायचं त्वचेच्या रंगाचं चित्र) नुसता गडद केला, तर त्वचा राखाडी, लाकडासारखी दिसते. त्वचेला सावळेपणा देणारं मेलॅनिन वरच्या थरात, रक्ताला लाली देणारं हिमोग्लोबिन खालच्या. दोन्ही वेगवेगळे रंग शोषतात. डॉनर आणि जेन्सन यांनी २००६ मध्ये दोघांना वेगळे आकडे दिले, ते आपल्याकडच्या चेहऱ्यांना फार उपयोगी. सावळ्या त्वचेतून आतला उजेड कमी परततो, त्यामुळे तेलकट चकाकी जास्त उठून दिसते. तिचं प्रमाण मात्र वाढवू नये: त्वचेचा अपवर्तनांक (उजेड किती वळतो याचा आकडा) १.४ धरला तर समोरून पडलेल्या उजेडापैकी फक्त २.८ टक्केच वरच्यावर परततो. बदल करायचा तो रफनेस मॅपमध्ये, म्हणजे कुठे किती खरखरीत हे सांगणाऱ्या चित्रात. कपाळ आणि नाक गुळगुळीत, गाल थोडे खरखरीत. कलर मॅपसाठी खऱ्या चेहऱ्याचे फोटो काढतानाही पोलरायझरचे (एकाच दिशेने कंपणारा उजेड सोडणारे) फिल्टर दिव्यावर आणि लेन्सवर एकमेकांना आडवे लावावेत, नाहीतर चकाकी कलर मॅपमध्येच छापली जाते आणि रेंडरमध्ये दोनदा दिसते.