चुआंग बुन्नाग : सयामच्या गादीमागचा कारभारी

सयाम, म्हणजे आजचा थायलंड, युरोपीयांची वसाहत झाला नाही याचं श्रेय बहुधा मोंगकुट आणि चुलालोंगकोर्न या राजांना जातं. पण त्या काळात बराचसा कारभार चुआंग बुन्नाग या सरदाराच्या हाती होता.

बुन्नाग घराणं मूळचं इराणातल्या कोम शहरातलं. त्यांचा पूर्वज शेख अहमद हा व्यापारी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अयुथ्येच्या (सयामच्या तेव्हाच्या राजधानीच्या) दरबारात आला आणि मोठ्या पदाला पोचला. पुढे वंशातली एक शाखा बौद्ध झाली. चुआंगचं घर याच शाखेतलं. एकोणिसाव्या शतकात परराष्ट्र-व्यापाराचं खातं आणि दक्षिणेचे प्रांत पाहणारं 'कलाहोम' खातं, दोन्ही याच घरात होती.

चुआंगचा जन्म १८०८ चा. तरुणपणी पाश्चात्त्य पद्धतीची जहाजं बांधायचं त्याला वेड होतं. १८५१ मध्ये सत्तावीस वर्षं भिक्खू राहिलेला मोंगकुट गादीवर आला, त्यात बुन्नागांचं वजन मोठं होतं.

चार वर्षांनी हाँगकाँगचा ब्रिटिश गव्हर्नर जॉन बाउरिंग व्यापारी तह करायला बँकॉकला आला. बोलणी करणाऱ्या पाच सयामींत चुआंग, त्याचे वडील दित, काका थात आणि भाऊ खाम होते. म्हणजे जवळजवळ घरचीच बैठक! तहाच्या अटी अशा: आयातीवर फक्त ३ टक्के जकात, तांदळाची निर्यात खुली, ब्रिटिश प्रजेला सयामी न्यायालयांतून सूट. व्यापारावरची दरबाराची जुनी मक्तेदारी यात बुडत होती. तरी सही झाली, कारण अफूच्या युद्धात चीनचं आणि १८५२ मध्ये ब्रह्मदेशाचं काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण पाहायला मोंगकुट दक्षिणेत वा को इथे गेला. (तेच ग्रहण ब्रिटिश लेफ्टनंट जॉन हर्शल पटवर्धनांच्या जमखंडीतून पाहत होता.) राजा हिवताप घेऊन परतला आणि १ ऑक्टोबरला वारला. मुलगा चुलालोंगकोर्न पंधरा वर्षांचा, तोही तापाने आजारी. चुआंग राजप्रतिनिधी झाला आणि त्याने चुलालोंगकोर्नचा चुलतभाऊ विचाइचान याला 'दुसरा राजा', म्हणजे उपराजा, नेमवून घेतलं. हे पद देण्याचा अधिकार खरं तर राजाचा. मला यात राज्याच्या सोयीपेक्षा तरुण राजावर वचक ठेवण्याचा डाव जास्त दिसतो.

१८७३ मध्ये सज्ञान झालेल्या चुलालोंगकोर्नचा पुन्हा राज्याभिषेक झाला आणि चुआंगची राजप्रतिनिधी म्हणून मुदत संपली. त्याचा दबदबा मात्र १८८३ मध्ये तो वारेपर्यंत टिकला. दोन वर्षांनी विचाइचानही गेला. दुसऱ्या राजाचं ते पद चुलालोंगकोर्नने परत कुणाला दिलंच नाही.