वैमानिक परवान्याची लेखी परीक्षा : तयारीच्या पद्धतींची निवड (गोव्याच्या संदर्भात)

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी (सीपीएल) आवश्यक असलेल्या सैद्धांतिक पेपरांचा अभ्यास कोणत्या मार्गाने, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या मार्गदर्शनाखाली करायचा, हा उमेदवाराने उड्डाणाआधी किंवा उड्डाणाबरोबर घ्यावयाचा निर्णय. भारतात या परीक्षा नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) घेते. ‘लेखी’ हे विशेषण जुन्या काळातून टिकून राहिले आहे. प्रत्यक्षात पेपर संगणकावर सोडवायचा असतो. प्रश्न बहुपर्यायी असतात, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि प्रत्येक विषयात 70 टक्के गुण मिळवावे लागतात. एअर नॅव्हिगेशन (मार्गनिर्देशन), मेटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र), एअर रेग्युलेशन्स (हवाई नियम), टेक्निकल जनरल (विमान व इंजिनाची सामान्य माहिती) आणि विशिष्ट विमानाचा टेक्निकल स्पेसिफिक हे ते पेपर. विद्यार्थ्यांच्या तोंडी ते नॅव्ह, मेट, रेग्ज, टेक अशा रूपांत ऐकू येतात. बारावीला भौतिकशास्त्र व गणित, वैद्यकीय तपासणी आणि कम्प्युटर नंबर (परीक्षेसाठी डीजीसीएकडून मिळणारा नोंदणी क्रमांक) या पूर्वतयारीच्या बाबी सर्वपरिचित आहेत.

उगम : वैमानिकाचे ज्ञान कागदावर तपासण्याची प्रथा केव्हा सुरू झाली, हे ‘परीक्षा’ या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा यावर ठरते. तिचे मूळ अनेकदा युरोपातील एअरो क्लबांच्या प्रमाणपत्रांत दाखवले जाते. फ्रान्सच्या एअरो क्लबने साधारण 1909 पासून प्रमाणपत्रे दिली व त्यांतले पहिल्या क्रमांकाचे लुई ब्लेरिओ यांच्या नावे आहे. ब्रिटनच्या रॉयल एअरो क्लबचे पहिले प्रमाणपत्र 8 मार्च 1910 रोजी मूर-ब्रॅबझन यांना मिळाले. पण ही प्रमाणपत्रे उड्डाणकौशल्याची होती. ठरलेली वळणे घेऊन विमान ठरलेल्या जागी उतरवले की काम होत असे. त्यांना लेखी परीक्षेचे मूळ म्हणणे ओढूनताणून वाटते.

1919 च्या पॅरिस करारात धरलेला उगम अधिक सयुक्तिक आहे. या कराराच्या परिशिष्ट ‘ई’ मध्ये वैमानिक व मार्गनिर्देशक यांच्या किमान पात्रता नोंदवल्या आहेत. प्रवासी वाहतूक करणाऱ्या वैमानिकाकडून विमान व इंजिनाची माहिती, दिव्यांचे संकेत, हवाई वाहतुकीचे नियम, नकाशावाचन आणि हवामानशास्त्राची प्राथमिक ओळख अपेक्षिली आहे. आजच्या पेपरांची नावे त्या यादीशेजारी ठेवली तर कुळी स्पष्ट दिसते. पुढे 7 डिसेंबर 1944 रोजी शिकागो करार झाला व त्याचे परवान्यांविषयीचे ‘परिशिष्ट 1’ हे एप्रिल 1948 मध्ये स्वीकारले गेले. भारतीय अभ्यासक्रम आज याच परिशिष्टाला धरून आहे.

भारतात जे. आर. डी. टाटा यांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी मिळालेला क्रमांक 1 चा परवाना एअरो क्लबच्या परंपरेतला होता. शासकीय परीक्षेची चौकट 1934 चा विमान अधिनियम आणि 1937 चे विमान नियम यांनी घालून दिली. परवान्यासाठीच्या पात्रता या नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. 1934 च्या अधिनियमाची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, 2024 ने घेतली असून तो 1 जानेवारी 2025 पासून लागू आहे. वायरलेसची आरटीआर परीक्षा याच अधिनियमाने दूरसंचार विभागाकडून डीजीसीएकडे आणली. हा तपशील कोरडा वाटला तरी तयारीच्या निवडीशी त्याचा थेट संबंध आहे. हातोहात फिरणाऱ्या जुन्या टिपणांत अजून 1934 चाच अधिनियम असतो. रेग्जचा अभ्यास अशा टिपणांवरून करणारा विद्यार्थी जाणते उत्तरही चुकीचे देतो.

गोवा : पोर्तुगीज राजवटीत गोवा या भारतीय चौकटीबाहेर होता. दाबोळीचा विमानतळ 1955 मध्ये उभा राहिला आणि तेथून टीएआयपी या पोर्तुगीज कंपनीची विमाने दमण, दीव व कराचीकडे जात. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर दाबोळी नौदलाकडे आली आणि 1964 च्या सुमारास आयएनएस हंसा हा तळ तेथे स्थिरावला. आजही दाबोळीत नागरी उड्डाणे नौदलाच्या धावपट्टीवरूनच होतात. पेडणे तालुक्यातील मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले व 5 जानेवारी 2023 पासून तेथे विमाने उतरू लागली. तारवटी (बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या) घरांत बोटीवरच्या परीक्षांची बोलणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. वैमानिकाची परीक्षा त्या मानाने नवी आहे.

तयारीचे मार्ग : मुख्य मार्ग तीन. मुंबई, दिल्लीसारख्या शहरांत राहून ग्राउंड क्लास करणे, घरी राहून ऑनलाइन वर्ग घेणे, किंवा फ्लाइंग स्कूलमध्ये दाखल होऊन उड्डाणाबरोबर पेपर देणे. क्लासमध्ये शंका जागच्या जागी सुटते आणि बरोबरीच्या मुलांमुळे अभ्यासाला वेग येतो, पण राहण्याजेवण्याचा खर्च वेगळा पडतो. ऑनलाइन वर्गात तो वाचतो. मात्र वेळापत्रक स्वतः पाळावे लागते. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयासारखी शांत जागा अशा विद्यार्थ्याला मोलाची ठरते. तिसऱ्या मार्गात सकाळी उड्डाण व संध्याकाळी पुस्तक असा दिवस जातो आणि पुस्तक मागे पडण्याचा धोका राहतो. परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते व त्यांतले 100 तास प्रमुख वैमानिक म्हणून करायचे असतात. त्या तासांचा खर्च चालू असताना नापास झालेला पेपर घरच्यांच्या खिशाला फार जड जातो. म्हणून निदान मेट, नॅव्ह व रेग्ज हे पेपर उड्डाणाआधी काढून टाकावेत, हे मत ग्राह्य वाटते.

विषयांचा क्रम : बहुतेक ठिकाणी रेग्जपासून सुरुवात करायला सांगतात, कारण त्यात पाठांतर जास्त असते व पहिला पेपर लवकर निघतो. गोव्यातील विद्यार्थ्याने मात्र मेटपासून सुरुवात करावी, असा प्रस्तुत नोंदकाराचा आग्रह आहे. या विषयाचा निम्मा अभ्यासक्रम त्याच्या खिडकीबाहेर घडतो. मार्च-एप्रिलमध्ये उन्हे वर चढली की समुद्रावरून वारा सुटतो, तो जमीन व पाणी यांच्या तापमानातील फरकामुळे. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास नैर्ऋत्य मोसमी पाऊस पोचतो, तेव्हा किनाऱ्यापेक्षा सत्तरी व सांगेच्या बाजूस, घाटाच्या पायथ्याशी तो जास्त का पडतो, हा पर्वतीय पावसाचा धडा. त्याच महिन्यांत दक्षिण भारतावर फार उंचीवर पूर्वेकडून वाहणारा जेट प्रवाह असतो आणि खाली पश्चिमेकडचा वारा. हे दोन विरुद्ध दिशांचे वारे एकदा डोक्यात बसले की त्यावरचे प्रश्न पाठ करावे लागत नाहीत. पावसाळ्यात रोज दाबोळीचा मेटार (विमानतळाचा ठरावीक वेळाने निघणारा हवामान अहवाल) उतरवून घेऊन बाहेरच्या आभाळाशी ताडून पाहणे हा सर्वांत स्वस्त वर्ग आहे.

नॅव्हलाही हाच न्याय लागू होतो. भारतीय प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटे पूर्व रेखांशाची, दाबोळी सुमारे 73 अंश 50 मिनिटांवर. फरक 8 अंश 40 मिनिटांचा. एका अंशाला 4 मिनिटे धरली तर दाबोळीची स्थानिक मध्यवेळ घड्याळापेक्षा 34 मिनिटे 40 सेकंद मागे येते. हे गणित आपल्या गावासाठी एकदा केलेला विद्यार्थी वेळेच्या प्रश्नात अधिक-उण्याची चूक सहसा करत नाही. त्याच्या टेबलावरचा फ्लाइट कम्प्युटर म्हणजे प्लॅस्टिकची एक सरकपट्टी आणि तिच्यावर फिरणारी पारदर्शक तबकडी. वाऱ्याची दिशा वरच्या खुणेखाली आणायची, मधल्या छिद्रापासून वेगाइतक्या अंतरावर पेन्सिलीने ठिपका द्यायचा आणि तबकडी फिरवून वाऱ्याने विमान किती ढळते ते वाचायचे. तबकडीवर जुन्या ठिपक्यांचे करडे डाग साचू लागले की समजावे, अभ्यास मार्गी लागला आहे.

टेक जनरलसाठी बोगमाळो रस्त्यावरील नौदलाचे विमान संग्रहालय उपयोगी पडते. तेथे सुपर कॉन्स्टेलेशन व आलिझे ही विमाने उभी आहेत. पहिल्याला पिस्टन इंजिने, दुसऱ्याला टर्बोप्रॉप. पुस्तकातली आकृती घेऊन तेथे तासभर उभे राहिल्यास पंख्याच्या पात्याचा पीळ मुळाशी जास्त आणि टोकाशी कमी का असतो, हे डोळ्यांनी दिसते.

प्रश्नसंच : तयारीतला सर्वाधिक वादाचा भाग. पूर्वी विचारलेले प्रश्न आठवणीने जमवून केलेले संच प्रत्येक विद्यार्थ्याकडे असतात आणि केवळ त्यांवर पास झालेलेही भेटतात. तरीही त्यांवर विसंबण्यातला दोष एका उदाहरणाने लक्षात येईल. दाबोळीची धावपट्टी 08/26, म्हणजे एका बाजूने 80 व दुसऱ्या बाजूने 260 अंशांच्या दिशेची. वारा 290 अंशांवरून 20 नॉट, विमान 26 वर उतरते आहे. कोन 30 अंशांचा, म्हणजे आडवा वारा 10 नॉट, उजवीकडून, आणि समोरून सुमारे 17. आता तोच वारा ठेवून धावपट्टी 08 केली तर आडवा वारा 10 च राहतो, पण डावीकडून येतो आणि समोरचे 17 नॉट पाठीमागून लागतात. ‘10, उजवीकडून’ एवढेच पाठ केलेला उमेदवार दुसऱ्या प्रश्नात हटकून फसतो. परीक्षेत तो एक गुण गमावतो. उतरताना हीच चूक झाली, तर विमान पाठीमागच्या वाऱ्यात, ओल्या धावपट्टीवर, अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे जाऊन टेकते. म्हणून संच शेवटच्या तीन-चार आठवड्यांसाठी राखून ठेवावा. तोवर मूळ पुस्तक, त्यातली गणिते आणि डीजीसीएचे प्रसिद्ध अभ्यासक्रम हाती असावेत.

परदेशी प्रशिक्षण : परदेशात परवाना मिळवून परतणाऱ्याला भारतीय परवान्यासाठी एअर रेग्युलेशन्स व नॅव्ह-मेट एकत्र असलेला कॉम्पोझिट पेपर द्यावा लागतो. परदेशी अभ्यासात भारतीय मोसमी हवामान फारसे येत नाही. त्यामुळे अशा उमेदवारालाही मेटचा हा भाग नव्याने शिकावा लागतो.