‘द वेस्ट लँड’चे हरवलेले बाड

टी. एस. एलियट यांच्या ‘द वेस्ट लँड’ या कवितेचे मूळ बाड आपल्या संग्रही असल्याचे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २५ ऑक्टोबर १९६८ रोजी जाहीर केले. ते कायमचे गहाळ झाले, असेच तोवर सारे धरून चालले होते आणि खुद्द कवीचीही समजूत तीच होती. एलियट जानेवारी १९६५ मध्ये वारले. ग्रंथालयाने मात्र बाड १९५८ मध्येच विकत घेतले होते.

या बाडाचा प्रवास जॉन क्विन या न्यूयॉर्कमधील वकिलापासून सुरू होतो. वकिलीत मिळवलेला पैसा ते चित्रांवर आणि लेखकांच्या हस्तलिखितांवर सढळ हाताने खर्च करीत. जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’चे हस्तलिखितही त्यांनी घेतले होते. १९२२ मध्ये एलियट लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरीला होते. बोनी अँड लिव्हराइट या अमेरिकन प्रकाशनाशी त्यांचा करार व्हावा म्हणून क्विन यांनी विनामोबदला खटपट केली आणि त्या उपकाराची फेड म्हणून एलियट यांनी त्यांना हे बाड भेट दिले. क्विन यांनी ते स्वीकारले, पण सोबत आलेल्या सुरुवातीच्या कवितांच्या वहीचे १४० डॉलर आग्रहाने मोजले. वगळलेला मजकूर कधीही छापला जाऊ नये, अशी इच्छा एलियट यांनी त्यांना पत्रातून कळवली होती.

क्विन १९२४ मध्ये वारले. त्यांच्या संग्रहातील बरेच काही लिलावात गेले. हे बाड मात्र आधी बहिणीकडे आणि नंतर भाचीकडे, खोक्यांत बंद राहिले. १९५० नंतरच्या काही वर्षांत भाचीला ते सापडले आणि ग्रंथालयाच्या बर्ग संग्रहाने ते १८,००० डॉलरना घेतले. बर्ग या डॉक्टर बंधूंच्या नावाचा हा संग्रह. पुढची दहा वर्षे या खरेदीची वाच्यता झाली नाही. व्यवहार खासगी होता, हे मान्य. तरी लंडनला एक पत्र टाकायला असा कितीसा खर्च आला असता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

कवीच्या पत्नी व्हॅलरी एलियट यांनी १९७१ मध्ये या बाडाची छायाप्रत संपादित करून प्रसिद्ध केली. वगळलेले काही छापू नये ही कवीची इच्छा अशा रीतीने मोडली गेली खरी, पण एलियट यांचे कविमित्र एझ्रा पाउंड यांनी छपाईपूर्वी कवितेत काटछाट करताना नेमके काय केले, याचा पुरावा त्यामुळेच हाती आला. पहिल्याच पानावर बोस्टनमधील एका बेताल रात्रीचे सुमारे ५० ओळींचे वर्णन आहे आणि त्यावर पेन्सिलीची काट आहे. एप्रिल महिन्याला क्रूर म्हणणारी सुप्रसिद्ध सुरुवात त्यामुळे बाडात दुसऱ्या पानावर येते. कवितेला आधी दिलेले शीर्षक डिकन्सच्या एका कादंबरीतील वाक्यावरून घेतलेले होते. तिसऱ्या भागाच्या आरंभीची यमकबद्ध द्विपदींची लांबलचक रचना पाउंड यांच्या नापसंतीमुळे गळाली. चौथ्या भागात एका सागरप्रवासाची प्रदीर्घ कथा होती, तिच्यातून शेवटी १० ओळी उरल्या. पाउंड यांचे शेरे नेमके आणि बऱ्याचदा फटकळ आहेत. एलियट यांच्या पहिल्या पत्नी व्हिव्हियन यांचे अक्षरही समासात दिसते. पती-पत्नीच्या ताणलेल्या संवादाशेजारी त्यांनी वाहवा लिहिली आहे आणि मद्यगृहातील प्रसंगातली एक ओळ तर त्यांनीच सुचवलेली आहे.

पाचव्या भागाला मात्र पाउंड यांनी जवळजवळ हात लावला नाही. हार्वर्डमध्ये संस्कृत शिकलेल्या एलियट यांनी येथे बृहदारण्यक उपनिषदातील मेघगर्जनेचा ‘द’ आणि त्यातून निघालेले दान, दया, दमन हे तीन उपदेश आणले, तेही मूळ क्रम बदलून: उपनिषदात दमन आधी येते, कवितेत शेवटी. त्या भागाच्या आरंभी पाउंड यांनी एवढाच शेरा मारला आहे की येथून पुढचे ठीक आहे, असे वाटते.