वापरलेल्या स्पोर्ट्‌स कारच्या अंतर्भागाची झीज

वापरलेल्या स्पोर्ट्‌स कारच्या सीट, स्टिअरिंग, डॅशबोर्ड, बटणे, कार्पेट आणि छताचे अस्तर यांवर काळाच्या ओघात उमटणाऱ्या खुणांना ढोबळपणे ‘इंटिरिअरची झीज’ म्हणतात. या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मोडतात. एक म्हणजे घासण्याने होणारी झीज. ती माणूस किती वेळा आत बसला आणि उतरला यावर ठरते. दुसरी म्हणजे साहित्य जुने होऊन खराब होणे. त्यासाठी गाडी चालावी लागत नाही, ऊन, ओल आणि वर्षे एवढे पुरते. रोजच्या वापरातल्या गाडीत दोन्ही बरोबरीने होतात. स्पोर्ट्‌स कार मात्र बराच काळ झाकून उभी असते. रनिंग कमी आणि वय जास्त, अशी तिची स्थिती असते. त्यामुळे ‘गाडी फारशी चाललेली नाही, म्हणजे आतून नवी असणार’ हा हिशेब तिथे हमखास चुकतो.

घासण्याची झीज सर्वांत आधी चालकाच्या सीटवर दिसते, तीही दाराकडच्या कडेवर. वळणावर अंग सरकू नये म्हणून या सीटच्या दोन्ही कडा उंच असतात. त्यांना बोल्स्टर म्हणतात. सीट जमिनीलगत असल्याने माणूस तीत बसत नाही, अक्षरशः घसरतो. आधी मांडी बोल्स्टरवर टेकते, मग सगळे वजन त्यावरून आत सरकते. उतरताना तीच कड आधाराला येते. जीन्सचे रिव्हेट आणि खिशातली किल्ली उरलेले काम करतात. स्टिअरिंग उजवीकडे असेल तर उजवा बोल्स्टर झिजतो, डावीकडे असेल तर डावा. शेजारची सीट बहुधा कोरी राहते. दोन्ही सीट एकाच नजरेत पाहिल्या की फरक लगेच कळतो.

मोटारीतले बहुतेक चामडे रंगाच्या थराने आणि त्यावरच्या पारदर्शक पॉलियुरेथेनच्या लेपाने झाकलेले असते. आधी हा लेप जातो, मग रंगाला बारीक चिरा पडतात आणि शेवटी आतले तंतू उघडे पडतात. नुसता रंग उडाला असेल तर चामडे साफ करून, भरून, पुन्हा रंगवता येते. चामडेच फाटले असेल तर तेवढा तुकडा बदलावा लागतो. खालचा फोम बसला असेल तर वरचे चामडे कितीही चांगले असले तरी सुरकुत्या पडतात. अंगठ्याने दाबून पाहिले की हे समजते. ज्या सीटच्या पाठीत एअरबॅग असते, तिथली शिवण एअरबॅग फुगताना उसवावी अशा बेताने घातलेली असते. साध्या दोऱ्याने भक्कम शिवलेली कड अशा वेळी घातक ठरू शकते. विक्रीला काढलेल्या गाडीची सीट चकाकत असेल, तर ते नवेपण नसून बहुधा मळ किंवा वरून चोपडलेले पॉलिश असते. असे लेपाचे चामडे निरोगी असेल तर मंद दिसते.

सीटनंतर पाहायचा तो उंबरा, म्हणजे दाराखालची पट्टी. १९५४ च्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलमध्ये नळ्यांच्या सांगाड्यामुळे उंबरा इतका उंच आला की दारे वर उघडणारी करावी लागली आणि आत शिरता यावे म्हणून स्टिअरिंग खाली कलवता येईल असे केले गेले. १९९६ मध्ये आलेल्या लोटस एलिसचा ॲल्युमिनियमचा उंबराही चांगलाच रुंद आहे. अशा गाड्यांत बुटांचे ओरखडे हा वापराचा सरळ पुरावा असतो.

स्टिअरिंगचे चामडे हात टेकतात तिथेच गुळगुळीत होते, आणि अंगठी घालणाऱ्या चालकाची बारीक चीर त्यावर राहते. अनेक स्पोर्ट्‌स कारमध्ये तिथे अल्कांतारा असते. ते चामडे नाही. जपानमधल्या तोरे कंपनीत १९७० मध्ये मियोशी ओकामोतो यांनी शोधलेल्या कृत्रिम कापडातून ते आले. त्यात ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन असते. हाताचे तेल बसले की त्याची लव चिकटून चपटी आणि चमकदार होते. किंचित ओलसर कापड आणि मऊ ब्रश यांनी ती बऱ्याच अंशी उठते. चामड्याचे क्रीम लावले तर मात्र ती कायमची बसते.

वयाने होणाऱ्या ऱ्हासाचा ठळक नमुना म्हणजे चिकट बटणे. १९९० च्या दशकापासून मऊ स्पर्शासाठी बटणांना रबरासारखा लेप देण्याची पद्धत आली. हवेतल्या ओलाव्याने या लेपाचे रेणू तुटत जातात आणि बटणावर काकवी सांडल्यासारखे बोट चिकटते. फेरारीच्या एफ३५५ आणि ३६० मोडेना या गाड्या यासाठी प्रसिद्ध आहेत. गाडी हजार किलोमीटर चालली की लाखभर, याचा इथे काही संबंध नसतो. लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढता येतो, पण घाईत पुसला तर बटणावरची चिन्हेही जातात.

पुढची काच फार कललेली असल्याने डॅशबोर्ड उन्हात भाजून निघतो. चामडे आटते, गोंद सुटतो आणि काचेलगतची कड आत ओढली जाते. प्लॅस्टिकमधली मऊपणा देणारी द्रव्ये उडून काचेच्या आतल्या बाजूला धूसर थर धरतो. छताच्या अस्तरामागचा फोम भुगा होऊन कापड लोंबू लागते.

उघड्या छताच्या गाड्यांत पाण्याची भर पडते. पहिल्या पिढीतील माझदा एमएक्स-५ आणि २००३ पूर्वीच्या पोर्शे बॉक्स्टरची मागची खिडकी प्लॅस्टिकची होती. ती पिवळी पडते आणि घडीवर तडकते. बॉक्स्टरच्या छताचे पाणी वाहून नेणारी भोके पानांनी बुजली की पाणी आत येते आणि सीटखालचे इमोबिलायझरचे, म्हणजे चोरी रोखण्यासाठी इंजिन बंद ठेवणाऱ्या यंत्रणेचे, युनिट भिजते. कार्पेटला वास येत असेल तर आधी ते उचलून पाहावे.

मीटर मागे फिरवल्याचा संशय येतो तो या खुणांच्या विसंगतीतून. मीटर थोडे किलोमीटर दाखवते आणि क्लचच्या पेडलचे रबर एका बाजूने गुळगुळीत झालेले असते. उलट, जुन्या आतील भागात एकटे स्टिअरिंगच कोरे असेल तर ते का बदलले, हे विचारायला हवे. शर्यतीच्या ट्रॅकवर पळवलेली गाडी सीटच्या खांद्यांवरचे शर्यतीच्या पट्ट्यांचे घट्टे आणि ते पट्टे बसवताना पाडलेली कार्पेटखालची बोल्टची भोके यांवरून ओळखू येते.

सगळे नवे करून घ्यावे, असे संग्राहक मानत नाहीत. अमेरिकेतल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मूळ अवस्थेतल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग असतो. दुरुस्ती करायचीच तर रंग कारखान्याच्या कोडवरून घेऊन चालत नाही, कारण उरलेली सीट उन्हाने उतरलेली असते. कारागीर आजच्या सीटशी जुळवून छटा तयार करतो, ती बोल्स्टरच्या खालच्या कडेला थेंबभर लावतो, वाळू देतो, आणि दिवसाच्या उजेडात पाहिल्याशिवाय पुढे हात लावत नाही.