पाय खिळतात तेव्हा ठेका वाट काढतो

पार्किन्सन्स या मेंदूच्या आजाराच्या अनेक रुग्णांच्या घरी हा प्रसंग रोजचा असतो. माणूस बऱ्यापैकी चालत येतो आणि दाराच्या चौकटीशी आला की त्याचे पाय जमिनीला खिळतात. पायात ताकद असते, पुढे जायचंही असतं, पण पाऊल उचलत नाही. घरचे म्हणतात, "अहो, चला ना!" त्यानं ताण वाढतो आणि पाय आणखी घट्ट होतात. अशा वेळी कुणी पावलापुढे काठी आडवी ठेवून "ही ओलांडा" म्हटलं, किंवा नुसतं "एक-दोन, एक-दोन" मोजायला लागलं, तर पुष्कळदा तेच पाऊल सहज उचललं जातं.

हे नाटक नव्हे आणि आळसही नव्हे. रुग्णाला हे दोन्ही शब्द ऐकावे लागतात, म्हणून आधीच सांगून टाकलं.

सवयीच्या हालचाली आपण विचार न करता करतो, कारण त्या सुरू करण्याचं आणि त्यांचा क्रम सांभाळण्याचं काम मेंदूच्या आतल्या भागातला 'बेसल गँग्लिया' हा पेशीसमूह करतो. त्याला डोपामिन हे रसायन लागतं. पार्किन्सन्समध्ये डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. मग आतून येणारा 'चल' हा इशारा क्षीण होतो. मात्र कानावर पडणारा ठेका किंवा डोळ्यांना दिसणारी रेघ हालचालीसाठी मेंदूतल्या दुसऱ्या जोडण्यांची मदत घेते आणि त्या जोडण्या तुलनेनं शाबूत असतात, असं संशोधकांचं मत आहे. स्कूटरचं सेल्फ-स्टार्ट बिघडलं तरी किक मारून ती चालू होते, तसंच काहीसं.

१९९६ साली अमेरिकेत मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. रुग्णांनी तीन आठवडे घरच्या घरी, ठळक ठोके असलेल्या संगीताच्या लयीवर चालण्याचा सराव केला. त्यांचा चालण्याचा वेग सरासरी २५ टक्क्यांनी वाढला.

पण नुसता ठोका म्हणजे नृत्य नव्हे. २००१मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागातल्या पार्किन्सन्स रुग्णांच्या गटानं मार्क मॉरिस या नृत्यदिग्दर्शकाच्या संस्थेकडे एक मागणी केली : आम्हाला व्यायाम नको, नृत्य शिकवा. त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. तोल कसा सांभाळायचा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं न्यायचं, पुढची हालचाल आधी मनात कशी आणायची, हे व्यावसायिक नर्तक आयुष्यभर जाणीवपूर्वक शिकत असतात. पार्किन्सन्समध्ये जे आपोआप होत नाही, ते नेमकं हेच.

अशा वर्गाची सुरुवात खुर्चीवर बसून होते. आधी हात, मान, पाठ, मग पावलं. नंतर खुर्चीच्या पाठीचा आधार घेऊन उभं राहायचं आणि ज्यांना जमेल त्यांनी संगीतावर हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. ज्यांना उभं राहता येत नाही ते तोच नाच बसून करतात. सोबत आलेला नवरा, बायको किंवा मुलगीही नाचते, त्यामुळे रुग्ण कोण हे लांबून चटकन ओळखू येत नाही. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी २०१०च्या सुमारास असा वर्ग सुरू केला. तिथल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. अशा हॉलमध्ये ते दोघंही विद्यार्थी असतात.

सर्वांत जास्त तपासला गेलेला नाच म्हणजे अर्जेंटिनाचा टँगो. मॅडेलीन हॅकनी आणि गॅमन एअरहार्ट यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना १३ आठवड्यांत २० धडे दिले. एक गट टँगो शिकला, दुसरा वॉल्ट्झ-फॉक्सट्रॉट हे जोडीनं करायचे पाश्चात्त्य नाच. दोन्ही गटांचा तोल सुधारला आणि चालण्याचं अंतर वाढलं. काही बाबतींत टँगो सरस ठरला. त्यात नवल नाही. टँगोत मागे जाणं, मध्येच थांबणं आणि पुन्हा सुरू होणं सतत चालू असतं, म्हणजे रुग्णाला जे अवघड जातं त्याचाच सराव होतो, आणि तोही जोडीदाराच्या आधारानं. आपल्या लेझमीतही ठेका, आवाज आणि ठरलेली पावलं एकत्र असतात. तिचा असा अभ्यास कुणी नीट केला तर मला मनापासून आनंद होईल.

मनाचा भाग यापेक्षा कमी महत्त्वाचा नाही. डिप्रेशन आणि चिंता पार्किन्सन्समध्ये सर्रास आढळतात. आजार झाल्याचं दुःख हे त्याचं एक कारण. मेंदूतली रसायनं बिघडणं हे दुसरं. शिवाय चेहऱ्याचे स्नायू आखडतात. माणूस खूश असला तरी चेहऱ्यावर दिसत नाही, समोरच्याला वाटतं हे रागावलेत. मग लग्नाकार्याला जाणं बंद होतं, फोन बंद होतात. नृत्याच्या वर्गात मात्र मोठे हावभाव करायचेच असतात आणि शेजारचाही तेच करत असतो.

दावे मात्र बेतानं करायला हवेत. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठानं २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दर आठवड्याला नाचणाऱ्या १६ रुग्णांच्या हालचाली तीन वर्षांत न नाचणाऱ्यांइतक्या बिघडल्या नाहीत. बातमी आनंदाची आहे, पण माणसं १६च, आणि नाचायला येणारी मंडळी मुळातच अधिक उत्साही असू शकतात. नाचानं मेलेल्या पेशी परत येत नाहीत. गोळ्या बंद करून नाचा असं कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका. आणि समजा आलेखात काहीच फरक दिसला नाही, तरी ज्याला नाचायचंय त्याला हॉलचं दार उघडं असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

कायदाही त्याच बाजूनं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आणि मानसिक आजार हे दोन्ही आहेत आणि कलम २९ कलाशिक्षणाचे अभ्यासक्रम दिव्यांगांना सहभागी होता येईल असे बदलायला सांगतं. प्रत्यक्षात गोष्ट अडते ती लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावरचा हॉल, न घसरणारी जमीन, चाकं नसलेल्या भक्कम खुर्च्या आणि जवळ स्वच्छतागृह, एवढी तयारी लागते. वेळ ठरवताना आधी शुभार्थींना गोळ्यांच्या वेळा विचाराव्यात, कारण औषधाचा अंमल असताना हालचाल सोपी जाते. अनेक नृत्यवर्ग संध्याकाळी भरतात. त्यांचे हॉल सकाळी अकराला रिकामेच असतात.