हिरडीतून रक्त येतंय? ब्रश थांबवू नका

सकाळी ब्रश करून थुंकलं आणि बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसला, की बरेच जण त्या बाजूला ब्रश फिरवणंच सोडून देतात. हिरडी नाजूक झालीय, चार दिवस जपू, असं वाटतं. गुडघा खरचटला असता तर हे जपणं योग्य होतं. हिरडीचं तसं नाही. ते रक्त बहुतेक वेळा तिथे ब्रश नीट पोचत नाही म्हणून येत असतं.

आज रात्री ब्रश करण्याआधी हात स्वच्छ धुवा आणि खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिथे हिरडी दाताला टेकते तिथे, नखाने हलकेच खरवडा. नखावर पांढरट-पिवळसर, पिठासारखा चिकट थर येईल. दिसायला ते अडकलेलं अन्न वाटतं, पण ते प्रामुख्याने जिवाणू असतात. स्वतःच तयार केलेल्या चिकट पदार्थात ते दाटीवाटीने राहतात. यालाच प्लाक म्हणतात. माठाच्या आतला बुळबुळीतपणा नुसतं पाणी फिरवून जात नाही, हात घालून घासावा लागतो. प्लाकचंही तसंच आहे, नुसत्या चुळा भरून तो निघत नाही.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या अंतोनी व्हान लेव्हेनहुक यांनी १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा असाच थर भिंगाखाली ठेवला, आणि त्यात वळवळणारे जीव पाहून ते थक्क झाले. ते रोज सकाळी मिठाने दात घासत, तरीही दातांच्या फटींत तो थर उरलाच होता.

पण हिरडी सुजते ती याच थरामुळे, हे माणसांवरच्या प्रयोगातून स्पष्ट दिसलं ते १९६५ मध्ये. डेन्मार्कमध्ये हेराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण थांबवायला सांगितलं. कुणाच्या हिरड्या १० दिवसांत सुजल्या, कुणाच्या २१ दिवसांत, पण सुजल्या सगळ्यांच्याच. मग त्यांनी पुन्हा नीट दात साफ करायला सुरुवात केली आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण ही सूज परतवता येते आणि ते आपल्या हातात आहे, हे त्यातून कळतं.

रक्त येतं ते असं. हिरडीच्या काठाशी जिवाणू साठले की शरीर तिथे पांढऱ्या पेशी पाठवतं, रक्तवाहिन्या फुगतात, हिरडीच्या आतलं अस्तर कमकुवत होतं. मग ब्रशचा केस लागला तरी रक्त येतं. म्हणजे ब्रश थांबवला की जिवाणूंना आणखी मोकळं रान मिळतं.

तसाच राहिलेला प्लाक लाळेतल्या कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे कडक होतो. तेच कीटण. खालच्या पुढच्या दातांच्या आत आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते जास्त साठतं, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. कीटण ब्रशने निघत नाही, त्यासाठी स्केलिंगच, म्हणजे दातांच्या डॉक्टरकडून ते खरवडून काढून घेणंच, करावं लागतं. 'स्केलिंग केलं की दात हलतात, फटी पडतात' हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. फट आधीचीच असते, कीटणाने बुजलेली. कीटण निघालं, सूज उतरली, की ती दिसू लागते. दात हलत असेल, तर कीटणाखाली हाड आधीच झिजलेलं असतं. ही झीज बहुधा दुखत नाही आणि गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

मिशरीबद्दलही बोललं पाहिजे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची, ही सवय महाराष्ट्रात अनेक बायकांना आहे. तिने दात घट्ट राहतात, असा समज आहे. पण तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी येतं. आतला आजार वाढत राहतो, फक्त त्याची खूण झाकली जाते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच.

म्हणून रक्त येतं त्याच जागी ब्रश न्या. केस मऊ हवेत. ब्रश हिरडीच्या काठाकडे तिरका धरा, जोर न लावता जागच्या जागी बारीक हलवा, मग पुढच्या दाताकडे जा. सगळं तोंड मिळून दोन मिनिटं, सकाळी आणि झोपण्याआधी. फटींसाठी फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा बारीक दोरा, किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश. पहिले काही दिवस रक्त येईल, त्याला घाबरू नका.

दोन आठवड्यांतही थांबलं नाही, तर दातांच्या डॉक्टरकडे जा. मधुमेह असेल तर लवकर जा, कारण वाढलेल्या साखरेने हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांच्या आजाराने साखर आटोक्यात ठेवणं जड जातं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील, तर तेही सांगा. डॉक्टर खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामध्ये सरकवून खोली मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याहून जास्त असेल तर उपचार लागू शकतात. आपल्या कोणत्या दाताशी किती खोली आहे, ते आकडे मागून लिहून घ्या, पुढच्या वेळी ताडून बघता येतील.