हॉर्नपाइप म्हणजे खलाशांचा नाच? तेवढंच नाही

हॉर्नपाइप हा इंग्रजी नाच, आणि त्याच्या धुनेलाही तेच नाव. ‘हॉर्नपाइप ही खलाशांची धून, ४/४ तालात, उड्या मारत वाजवायची’ हा समज जुना आहे, पण अर्धवट. त्याला हातभार लावला रंगमंचाने: अठराव्या शतकात इंग्रजी नाटकांत खलाशाच्या वेशातला हॉर्नपाइप लोकप्रिय झाला.

उत्तर इंग्लंडच्या व्हायोलिनवादकांच्या वह्या उघडा, चित्र वेगळं दिसतं. नॉर्थम्बरलंडच्या हेन्री अ‍ॅटकिन्सनच्या १६९४च्या सुमाराच्या वहीत आणि न्यूकॅसलच्या विल्यम व्हिकर्सच्या १७७०च्या वहीत ३/२ तालातल्या धुना आहेत. संगीतकार हँडलच्या १७१७च्या ‘वॉटर म्युझिक’मधला हॉर्नपाइपही ३/२चाच, त्याचा खलाशांशी काय संबंध?

वाजवताना घोळ इथेच होतो. ३/२च्या एका बारमध्ये (आवर्तनात) सहा मात्रा, म्हणजे दोन-दोनचे तीन गट. पाय १, ३, ५ वर पडतो. आपल्या दादऱ्यासारखे ३+३ पाडले की धून जिगसारखी (तीन-तीनच्या गटांत चालणाऱ्या वेगवान नाचासारखी) वाटू लागते. पुष्कळदा दुसऱ्या मात्रेवरचा सूर तिसरीवर ओढलेला असतो: एक, दोन-तीन, चार, पाच-सहा. पाय तिसऱ्या मात्रेवर पडतो, सूर मात्र आधीच सुरू झालेला! आधी टाळी देऊन मोजा, मग गज उचला. ४/४च्या हॉर्नपाइपचे लांब-आखूड, लंगडते ठेके इथे आणू नका.